'अफरातफरीची शक्यता नाकारता येत नाही': ऑडिटच्या या वाक्याला उत्तर कसं देऊ?

बेदाण्याच्या गावची

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत लेखापाल आहे, एकोणीस वर्षं झाली. संस्थेचं नाव विचारू नका, इकडं कुणालाही ओळख सांगितली की तो पाहुणाच निघतो.

आमच्याकडं बेदाणा तारणावर कर्ज देतात. शेतकरी माल कोल्ड स्टोअरेजला लावतो, पावती आमच्याकडं जमा करतो, आम्ही उचल देतो. सौदा ठरला की तो आमच्याकडून सोडपत्र नेतो, तेवढ्या पेट्या सुटतात, अडत्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) होते आणि पैसे कर्जखात्याला येतात. पेटी १५ किलोची.

एका खात्यावर ३१ मार्चला ४३६ पेट्या होत्या. यंदाचे ऑडिटर तरुण सीए आहेत. १८ जूनला ते स्वतः कोल्ड स्टोअरेजला गेले, स्वेटर घालून आत शिरले आणि पेट्या मोजल्या. ४१२ भरल्या. (आधीच्या ऑडिटर साहेबांनी एवढ्या वर्षांत कोल्ड स्टोअरेजचं दार बघितलं नव्हतं, हेही इथं सांगून टाकते.) आता कच्चा मेमो आलाय. चौथा मुद्दा जसाच्या तसा लिहिते:

"तारण रजिस्टरप्रमाणे ४३६ पेट्या असताना प्रत्यक्षात ४१२ पेट्या आढळल्या. २४ पेट्यांची (३६० किलो) तूट असून अफरातफरीची शक्यता नाकारता येत नाही. संबंधितांवर जबाबदारी निश्चित करावी."

संबंधित म्हणजे कोण? रजिस्टर माझ्या अक्षरात आहे. त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

२४ पैकी २० पेट्यांचं सोडपत्र आम्ही ११ जूनलाच दिलं होतं. माल सौद्यात विकला गेला, पैसे २० जूनला जमा झाले. आमची पद्धत अशी की पैसे आल्यावर रजिस्टरला पेट्या कमी करायच्या. त्यामुळं १८ तारखेला रजिस्टर ४३६ च दाखवत होतं. उरलेल्या ४ बहुतेक मोजताना चुकल्या असतील.

चेअरमन म्हणतात, "वार्षिक सभेत याला बदलू आणि तोवर फीचं बिल अडवून ठेवा." एक संचालक म्हणतात, "रविवारी रानात मटणाचं जेवण ठेवू, मेमो मऊ होतोय का बघू." मला दोन्ही पटत नाही. पण मीच तावातावानं बोलले तर लोक म्हणणार, हिलाच एवढं का झोंबलं? आणि गप्प बसले तर कबूल केल्यासारखं होतं. उत्तराला सात दिवस दिलेत, तीन गेले. काय करू सांगा की.

बाकीचे आठ मुद्दे (केवायसी, जामीनदारांच्या सह्या वगैरे) खरे आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

गुलाल आमचाच

बदला की ओ ऑडिटर! नामतालिकेवर (खात्याच्या ऑडिटर यादीवर) शेकडो पडलेत.

कुपवाडचा शॉपफ्लोअर

ताई, मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं पैशाचं ऑडिट नसतं, ग्राहक कंपनीचं आणि आयएसओचं असतं. पण दुखणं तेच.

मागं एका ऑडिटरनं लाईनवरचा व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) उचलला. त्यावरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरची तारीख उलटून गेलेली. लगेच मेजर एनसी, म्हणजे मोठी त्रुटी! आमचा सुपरवायझर हमरीतुमरीवर आला. मी त्याला चहा आणायला पाठवलं आणि ऑडिटरला एवढंच विचारलं, "सर, हे कुठल्या क्लॉजखाली घेताय?" ते म्हणाले ७.१.५, म्हणजे मोजमापाच्या साधनांचा. मी कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट काढून दाखवलं. व्हर्निअर मुदतीतच कॅलिब्रेट झाला होता, नवीन स्टिकर लावायचा राहिला होता. मेजरचा मायनर झाला. मायनर मी निमूट घेतला, कारण स्टिकर जुना होता हे खरंच होतं.

तेव्हापासून मी आवाज न चढवता आधी नियम विचारतो. तुमच्या ऑडिटरला विचारा, 'शक्यता नाकारता येत नाही' हे कशाच्या आधारावर लिहिलंय.

निवृत्त लेखापरीक्षक, सातारा

ताई, सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून तीस वर्षं काढली. कोरेगाव, खटाव, वाई, कराड, सगळीकडं पायपीट झाली. त्यामुळं मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे, हे धरून वाचा.

आधी माझी एक चूक सांगतो. कोरेगाव तालुक्यातली एक विकास सोसायटी. खताच्या गोदामात युरियाची थप्पी. मी वरच्या थरातली पोती मोजली, २८. उंची दहा थर. गुणाकार केला, २८०. वहीत २९५. झालं, १५ पोती तूट. तेव्हा आम्ही अर्धसमास द्यायचो. पानाच्या अर्ध्या भागात आमची शंका, उरलेला अर्धा संस्थेच्या खुलाशासाठी कोरा. मी झोकात अर्धं पान भरलं आणि सचिवांच्या हातात ठेवलं.

सचिव साठीकडं झुकलेले, गांधी टोपी, बोलणं कमी. कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "साहेब, माझ्या हिशेबात गफलत असंल. एकदा थप्पी उतरवून बघूया का?" दोन हमाल आले, वरचा थर उतरला. खालच्या थरात ३१ पोती. थप्पी ढासळू नये म्हणून एक थर उभा, एक आडवा रचलेला. पाच थर २८ चे, पाच ३१ चे. करा बेरीज.

२९५.

मी कागद परत मागितला, त्यांनी खिशातून काढून दिला. त्यांनी खुलाशाचा अर्धा भाग कोराच ठेवला होता. त्यांनी तिथं 'लेखापरीक्षकांनी चुकीची मोजणी केली' असं लिहिलं असतं तरी ते खरंच होतं. पण मग मीही माझी मोजणी कशी बरोबर हे सिद्ध करत बसलो असतो. त्या वयात मी तसाच होतो.

आता तुमचा मुद्दा. त्या दोन-तीन ओळींत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या सुट्या करा. '४१२ आढळल्या' ही पाहणी आहे. त्यांनी स्वतः मोजल्या, त्यावर भांडू नका. '२४ ची तूट' हा त्यांनी काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो अपुरा आहे, कारण रजिस्टरची नोंद मागं होती. 'अफरातफर' हा आरोप आहे, आणि त्याला त्या मेमोत काडीचा आधार नाही. तफावत हिशेबाच्या वहीत बसते, अफरातफर पोलीस ठाण्यात. तुमचं भांडण या शेवटच्या शब्दाशी आहे. तिन्हीला एकदम विरोध केलात तर तिन्ही राहतील.

पण तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. राग मानू नका.

पहिली: सोडपत्र ११ ला आणि नोंद २० ला. मधले नऊ दिवस त्या २० पेट्या तुमच्या रजिस्टरला आहेत, गोदामात नाहीत आणि पैसेही आलेले नाहीत. त्या नऊ दिवसांत तुमचं तारण नेमकं काय होतं? अडत्याचा शब्द? एकोणीस वर्षांत कुणी बुडवलं नाही हे नशीब झालं, पद्धत नाही. हा मुद्दा ऑडिटरनं काढायच्या आधी तुम्हीच कबूल करा.

दुसरी: '४ बहुतेक मोजताना चुकल्या असतील.' हा 'बहुतेक' मी हजारदा ऐकलाय. माझ्या समोर हा शब्द आला की मी पेन उघडायचो. त्या ४ पेट्या कुठं आहेत ते शोधा, नाहीतर सरळ लिहा की चौकशी चालू आहे.

उत्तर साधारण असं जाऊ द्या:

"मुद्दा क्र. ४ : दि. १८ जून रोजी प्रत्यक्ष मोजणीत ४१२ पेट्या आढळल्या हे संस्थेस मान्य आहे. तथापि दि. ११ जूनच्या सोडपत्रान्वये २० पेट्या विक्रीसाठी सोडल्या असून त्यांची विक्री रक्कम दि. २० जून रोजी कर्जखाती जमा आहे. मोजणीच्या दिवशी सदर नोंद तारण रजिस्टरला घेतलेली नव्हती, ही कार्यपद्धतीतील त्रुटी संस्थेस मान्य आहे. ४१२ अधिक २० मिळून ४३२, म्हणजे ३१ मार्चच्या शिलकेशी ४ पेट्यांचा फरक राहतो. त्याबाबत फेरमोजणी करावी, ही विनंती."

सोबत सोडपत्राची स्थळप्रत (आपल्याकडची प्रत), कोल्ड स्टोअरेजचा गेटपास, अडत्याची पट्टी आणि कर्जखात्याचा उतारा. चारही कागदांवर पेट्यांचा आकडा एकच येतोय ना, हे आधी तुम्ही बघा. न जुळणारा एक कागद जोडलात तर जुळणारे तीन वाया जातात.

आणि उत्तर नुसतं पाठवून देऊ नका. वेळ मागून घ्या, समोर बसा, कागद एकेक करून पुढं सरकवा. चेअरमनना सोबत नेऊ नका. फोन तर कुणाचाच नको. माझ्या नोकरीत जितक्या वरून फोन आला तितका माझा मुद्दा पक्का झाला.

बेदाण्याच्या गावची

काका, 'बहुतेक' वाचून ओशाळले. खरंय तुमचं. मी ते ४ पेट्यांचं शोधलंच नव्हतं. २० चं सापडलं तेवढ्यात जीव भांड्यात पडला आणि तिथंच थांबले.

नऊ दिवसांचं मात्र स्वतःहून लिहू का? संचालक म्हणतील, विचारलं नसताना कशाला सांगितलंस.

निवृत्त लेखापरीक्षक, सातारा

सोडपत्राची तारीख आणि जमेची तारीख तुमच्याच कागदांवर आहे. ऑडिटरला वजाबाकी येते.

विश्रामबागची सीए

काकांशी बहुतेक ठिकाणी सहमत (हा 'बहुतेक' चालेल ना?). मी स्वतः पतसंस्थांचं ऑडिट करते, म्हणून टेबलाच्या या बाजूचं थोडं.

बॅलन्सशीटची तारीख आणि मोजणीची तारीख वेगळी असली तर मधल्या काळात किती माल आला, किती गेला हे तपासणं ऑडिटरचंच काम आहे. मालसाठ्याबद्दलचं ऑडिटिंग स्टँडर्ड, एसए ५०१, हेच सांगतं. तुमच्या ऑडिटरनं मोजणी केली, मधला हिशेब जुळवला नाही. आठवण करून द्यायला हरकत नाही, पण 'तुम्हाला स्टँडर्ड माहीत नाही' अशा सुरात नको. 'मधल्या काळातली जुळवणी आम्ही करून आणली आहे, आपण तपासून घ्यावी' एवढं म्हणा. अर्धं काम करून मिळालेलं कुणाला नको असतं? जुलै अखेरच्या आत ऑडिट संपवायची घाई आम्हालाही असते.

त्या वाक्याबद्दल महत्त्वाचं. सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे ऑडिटमध्ये अपहार आढळला तर ऑडिटरला निबंधकांकडे विशेष अहवाल द्यावा लागतो. त्यात रक्कम, अपहार कसा केला, हे सगळं येतं. पुढं निबंधकांच्या परवानगीनं गुन्हा नोंदवण्यापर्यंत त्याची जबाबदारी जाते. म्हणजे अपहार आहे असं त्यांना खरंच वाटत असेल तर एका वाक्यावर भागत नाही, आणि वाटत नसेल तर ते वाक्य तिथं नको. 'शक्यता नाकारता येत नाही' हे आम्ही लोक कधीकधी स्वतःच्या बचावासाठी लिहून ठेवतो, उद्या काही निघालं तर 'आम्ही म्हटलं होतं' म्हणायला. चांगली सवय नाही. भेटीत शांतपणे विचारा, "साहेब, आपण विशेष अहवाल देणार आहात का?" उत्तर नाही आलं तर शब्द बदलण्याचा रस्ता त्यांनाच दिसेल.

आणखी एक. 'सर्व पेट्या सुरक्षित आहेत' असं चेअरमनच्या सहीचं पत्र देऊन भागवू नका. व्यवस्थापनाचं लेखी निवेदन आम्ही घेतोच, पण एसए ५८० प्रमाणे तेवढ्यावर पुरावा पूर्ण होत नाही.

फी अडवणं हा सगळ्यात वाईट सल्ला. त्यातून मुद्दा जात नाही, उलट तुम्ही दबाव आणलात याचा कागद तयार होतो. मटणाबद्दल मी बोलत नाही, गुरुवारी वाचतेय.

एवढं करूनही पटलं नाही तर तुमचा खुलासा मुद्द्याखाली छापावा अशी लेखी विनंती करा. अहवाल आल्यापासून तीन महिन्यांत 'ओ' नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यायचाच असतो, कलम ८२. तिथंही तुमची बाजू मांडता येते. फेरलेखापरीक्षणासाठी निबंधकांकडे अर्ज करायची सोय आहे, पण ४ पेट्यांसाठी तिथवर जाऊ नका.

गुलाल आमचाच

मॅडम, आम्ही पण तेच म्हणत होतो, फक्त थोडक्यात 😀

बेदाण्याच्या गावची

काय झालं ते सांगते, उशिराबद्दल माफ करा. लांबेल जरा.

आधी मी आणि आमचा शिपाई कोल्ड स्टोअरेजला गेलो. तिथल्या माणसानं रॅक दाखवला. आम्ही दोनदा मोजलं, दोन्ही वेळा ४१२. म्हणजे ऑडिटर साहेबांची मोजणी पहिल्यापासून बरोबर होती आणि मी इथं जगाला सांगत बसले होते की ते चुकले असतील.

मग गेटपासचं पुस्तक मागितलं. ११ जूनच्या २० पेट्यांचा पास सापडला. ४ चा काही मिळेना. निघता निघता एक हमाल म्हणाला, "त्या चार व्हय? त्या नमुन्याला गेल्यात की." कर्जदारानं मे महिन्यात फोन केला होता, व्यापाऱ्याला माल दाखवायचाय म्हणून. कोल्ड स्टोअरेजवाल्यानं आम्हाला न विचारता ४ पेट्या देऊन टाकल्या. पास नाही, पत्र नाही, एका वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं '४ नमुना' एवढंच. कर्जदाराला बोलावलं तर तो निवांत. म्हणाला, "वहिनी, माझाच माल हाय की." त्याचाच आहे, पण तारणाचा आहे हे समजावण्यात एक तास गेला. किलोला १५० नं ६० किलोचे ९,००० रुपये त्यानं खात्याला भरले.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर साहेबांकडं गेले. एकटीच. काकांच्या मसुद्यात शेवटचं वाक्य बदललं. 'फेरमोजणी करावी' काढून '४ पेट्या संस्थेच्या सोडपत्राशिवाय बाहेर गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले' असं लिहिलं. लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. त्या पेन्सिलीच्या पानाचा फोटोही जोडला.

त्यांनी सगळं वाचलं. फोटो मोठा करून बघितला. मग मला म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही दिलं नसतं तर मला कळलं नसतं." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आत जाऊन मोजलं नसतं तर मलाही कळलं नसतं." दोघंही थोडे हसलो. विशेष अहवालाचं विचारायची वेळच आली नाही. त्यांनीच पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं.

पक्क्या अहवालात आता असं आहे: "२० पेट्यांची नोंद विलंबाने घेतल्याने तसेच ४ पेट्या सोडपत्राशिवाय दिल्या गेल्याने तफावत आढळली. रक्कम वसूल झाली आहे. तारण मालावरील नियंत्रण अपुरे असून दरमहा प्रत्यक्ष तपासणी करावी."

'नियंत्रण अपुरे' वरून चेअरमन परत चिडले. मी त्यांना सांगितलं, ते अपुरंच आहे, आणि हे वाक्य मी खोडायला सांगणार नाही. फीच्या बिलावर त्यांनी काल सही केली, तोंड वाकडं करून.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला कोल्ड स्टोअरेजला जायचं माझ्याच गळ्यात पडलंय. आत उभं राहिलं की दहा मिनिटांत बोटं आखडतात, पेनसुद्धा धरवत नाही. नवऱ्याचा जुना कानटोपा घेऊन ठेवलाय.

'ओ' नमुना लिहायला बसले आहे. केवायसीच्या मुद्द्यातले दोन सभासद राहिलेत. एक पुण्याला असतो, फोन उचलत नाही. दुसरे वारले आहेत, वारसाची नोंद नाही आणि तीन मुलगे आपापसात बोलत नाहीत. याला 'ओ' नमुन्यात काय लिहायचं, कुणी सांगेल का?